दारात हाकबेड

४ नोव्हेंबर
...आणि हो, शेवटी खोली मिळाली! म्हैसूरला, मंडी मोहल्ल्यात, कुसुमबाईंच्या घराच्या मागच्या अंगणाकडची. स्वतंत्र दार, लाल गुळगुळीत जमीन. नाशिकहून आणलेली रांगोळीची पिशवी आधी उघडली, कपडे नंतर. रोज सकाळी ऑफिसच्या आधी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची. फोटो नाही, कुणाला दाखवणं नाही. फक्त मी, चिमूट आणि श्वास. लोक मेडिटेशनचं अ‍ॅप घेतात, माझं हे. पहिलीच इतकी मस्त जमली की शहराबाहेर कडकोळला, ऑफिसात, दिवसभर एकटीच हसत होते.

७ नोव्हेंबर
कुसुमबाईंकडे शिवणकाम चालतं. घरात मराठीच बोलतात, पण मध्येच कन्नड घुसतं. आज माझी रांगोळीची पिशवी बघून मशीन थांबवलं, दाराकडे बोट केलं आणि म्हणाल्या, अय्यो तुळसी, दारात हाकबेड ग! मला कळलं ते 'हाक' आणि 'बेड'. दारात बेड कोण टाकणार? बहुतेक दारातून हाका मारू नको म्हणत असाव्यात. मी आईशी फोनवर जोरात बोलते ना. सॉरी म्हटलं. आता हळू बोलते. रांगोळी चालूच.

११ नोव्हेंबर
गंमत झाली. सकाळी उशीर होत होता, म्हणून नुसते ठिपके देऊन पळाले. संध्याकाळी येते तर रांगोळी पुरी! माझ्याहून सुबक, रेघ कुठेही तुटलेली नाही. वाटलं, कुसुमबाईच. किती गोड! थँक यू म्हणायला गेले, तर त्यांच्या हातातली कात्री खाली पडली. एवढंच विचारलं, रेघ उंबऱ्याच्या बाहेर आहे का आत. बाहेर, म्हटलं.

१२ नोव्हेंबर
ऑफिसातल्या वादिराजला विचारलं. तो पोट धरून हसला. हाकबेड म्हणजे घालू नको. इथे रांगोळी 'हाकतात'. म्हणजे बाई रांगोळीच नको म्हणत होत्या, आणि मी वेडी कुजबुजत बोलतेय!

घरी आल्यावर हसू गेलं. कुसुमबाईंनी दारातच उभं करून सगळं सांगितलं. ही खोली त्यांच्या धाकट्या जावेची, विशालाक्षीची. ती रोज रांगोळी घालायची. एका सकाळी ठिपके देऊन झाले आणि तिथेच कोसळली. तेव्हापासून ह्या दारात ठिपके न जोडता राहिले की ती जोडायला येते. जोडत जोडत आत येते. माझ्याआधी इथे राहणाऱ्या मुलीचं काय झालं, ते मात्र सांगेनात. म्हणाल्या, आता सांगून तुझं काय भलं होणार आहे?

१४ नोव्हेंबर
रांगोळी बंद. पिशवी गटारात ओतली. तरी सकाळी ठिपके होते. उंबऱ्याच्या आत. माझ्या नखांत पांढरं होतं, पण मी नाही घातले. मी नाही.

१५ नोव्हेंबर
ओल्या फडक्याने पुसले. पुसलं की आणखी दाट येतात. मागे कुणीतरी चिमूट सोडतंय — ती बारीक सरसर — मला पाठ आहे तो आवाज.

१६ नोव्हेंबर
दार बाहेरून लावलंय. कुसुमबाई पलीकडून ओरडल्या, रांगोळी तू हाकलीस, तूच निस्तर, आमच्या घरात ती नको. मग त्यांचं मशीन सुरू झालं. मी ओरडत राहिले तरी चालूच राहिलं.

वादिराजला फोन लावला. लागला. पलीकडून फक्त सरसर —

१७ नोव्हेंबर
ठिपके पलंगापर्यंत आलेत. रेघ निघालीय, आपोआप. घाई नाही तिला. एकेक ठिपक्याला वळसा घालून —

शेवटचा ठिपका माझ्या घोट्यावर. घासला, पुसला जात नाही. कातड्याच्या आतून आलाय.

पाय हलवला की रेघ तिकडे वळते. नाही हलवला तर सरळ येते. हे वाचतंय ना कुणी? तुम्हाला काय वाटतं, पाय हलवू, की असाच —