नाती जुळवणारी टेस्ट

दादा,

सकाळपासून एकच टेस्ट किती वेळा मागवली आणि रद्द केली! लेकीला वंशाची डीएनए टेस्ट हवी आहे. आपले बाबा एका मुलखाचे, आई दुसऱ्या मुलखाची. आपल्यात कोण किती उतरलंय ते तिला बघायचंय. तू लगेच म्हणालास, "माझीही मागव, नळीत थुंकायला काय जातंय!" तुझं काही जात नाही रे, जीव माझा टांगणीला लागलाय.

एक टेस्ट नुसते मुलूख सांगते, दुसरी नातीही जुळवते. मी पहिलीवर अडून बसले. पण मुलूख तरी कसे जुळणार? आई जाण्याआधी मला एकटीला म्हणाली, की दादा, तुला कुणीतरी दवाखान्यात सोडून गेलं होतं, तिथूनच घरी आणलं. कुणाला संशय आलाच नाही. बाबांकडचे छातीठोक सांगायचे, पोरगं आईवर गेलंय; आईकडचे म्हणायचे, बापावर.

बाबांसारखाच तू चहा घाईने पितोस आणि तोंड भाजलं की माझ्यावर ओरडतोस. हे कुठल्या टेस्टमध्ये येतं?

हे पत्र तुला धाडणार नाही. तरी खाली 'सख्खी' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

तुझी सख्खी बहीण