गादीखालची सुई

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परत तेच! सातवीत नापास झालेला पोरगा प्रयोगशाळेत झाडूच मारत असणार, असं तू भाऊजींसमोर म्हणालीस. झाडू नाही मारत. मोटारींच्या वाइंडिंगवर बसलेला हात आहे माझा. इथे मी चुंबकांच्या कॉइली गुंडाळतो. नऊशे वेढे, एकही दुसऱ्यावर चढलेला चालत नाही. प्रयोगशाळेच्या मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, असा हात पदवीने येत नाही. हे भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव.

काम असं, की लोखंडाचे कण, केसाच्या जाडीत हजार रांगेने बसतील इतके बारीक. त्यांना कॅन्सरचं औषध चिकटवायचं, रक्तात सोडायचं आणि गाठीवर बाहेरून चुंबक धरायचा. कण तिथेच गोळा होतात आणि औषध गाठीलाच झोडपतं. बाकीचं अंग वाचलं! आईला सांग, तिच्या पोटातल्या गाठीची आता खैर नाही.

लोभ राहू दे, भांडणासकट.
भुंगा

ता. १९ मार्च

चि. भुंग्यास,
अ. आ.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हसले, म्हणाले, हात आहेच त्याचा, बूड मात्र टिकत नाही. मग मी ते आईलाही वाचून दाखवलं आणि तिथेच चुकले. केमोच्या दोन सलाइनी झाल्या होत्या, तिसरीला ती गेलीच नाही. लेकाचं औषध येतंय तर हे विष कशाला घेऊ, म्हणते. शिलाई मशीनखाली सांडलेल्या सुया ती ज्याने उचलते ना, तुझ्या मोडक्या स्पीकरमधला चुंबक, तो तिने फडक्यात गुंडाळून पोटावर बांधलाय! मी ओरडले तर म्हणाली, तुला भावाचं कौतुक बघवत नाही.

डॉक्टर म्हणाले, गाठ आक्रसतेय, आता खंड पाडू नका. अठ्ठावीसची तारीख मिळवलीय. माझं ती ऐकत नाही. फुशारकी तू मारलीस, आता तूच निस्तर.

जपून राहा, पण आधी लिही.
ताई

ता. २३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

आधी पोटावरचा चुंबक सोड. सोडलास? आता टेबलावर सुई टाक आणि चुंबक जवळ ने. उडी मारेल. मग तीच सुई गादीखाली ठेव आणि चुंबक वरून फिरव. हलली का? लांब गेलं की चुंबकाचा जोर असाच संपतो. तुझी गाठ गादीखाली आहे, आई. आणि तुझ्या रक्तात ते कण तरी कुठे आहेत? नुसता चुंबक बांधून फडकं तेवढं मळलं.

एक गोष्ट मी लिहिलीच नव्हती. हे औषध अजून फक्त उंदरांना दिलंय, तेही कातडीलगतच्या गाठींवर. मॅडमना तुझं सगळं सांगितलं. म्हणाल्या, माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील, आईला तिसरी सलाइन चुकवू देऊ नकोस. तिथून उठून लगेच हे पत्र लिहायला बसलो.

पण आमचं काम थांबलेलं नाही हं. नऊशेचे चौदाशे वेढे करतोय. गादीखालची सुई मी हलवणारच, आज ना उद्या. तुझी सलाइन मात्र अठ्ठावीसलाच आहे. ओकारी आली की मला शिव्या घाल, एकही वाया जाणार नाही.

तुझ्या शिव्यांवर वाढलेला,
भुंगा

ता. क. चालत जाऊ नकोस, जाता-येता गाडी कर, ताईला सोबत ने. घरी यायच्या तिकिटाला साठवलेले पैसे पाठवतोय, मी पुढच्या सुट्टीत येईन. दोन हजार तीनशे चाळीस.