फुग्यासारखी अक्षरं

प्रिय गंधाली,

तुझं डिझाइन मिळालं. देखणं आहे. करड्या रंगावर ती बारीक, उभट सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात एकच चकली आणि भोवती सगळी मोकळी जागा. एखाद्या सराफाच्या पेढीची जाहिरात वाटावी. तरीही क्लायंट या नात्याने मी ते नापास करतोय. आपल्या फराळाच्या पोस्टवर मी निवडलेली तीच गोलमटोल, पोट सुटलेली अक्षरं राहणार. तू त्यांना 'पहिलीतल्या पोराच्या वाढदिवसाचे फुगे' म्हणालीस. म्हण बापडी. फुगे तर फुगे.

तू म्हणालीस, हट्टाचं कारण तरी सांगा, मग मी दिवाळीच्या सगळ्या पोस्ट त्या फॉन्टमध्ये करून देते. फोनवर मी 'मला आवडतात' एवढंच म्हणालो, कारण तुझी आई शेजारी बसली होती. मेसेज लिहायचीही सोय नाही. आपल्या घरातला फोन हल्ली प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून वाचनालयात बसून हे हाताने लिहितोय, फोटो काढून पाठवेन. माझं अक्षर त्या फोनमधल्या बाईला लागत नाही, हे आधी तपासून घेतलंय. फोन मोठ्याने का वाचतो ते सांगतोच, पण जरा क्रमाने सांगू दे. विम्याच्या कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला एकदम मुद्द्यावर येता येत नाही.

आईचा फराळ आता आपल्या सोसायटीपुरता राहिलेला नाही. नवघर रोडवरून, अगदी पलीकडे मुलुंड पश्चिमेतूनही विचारणा होते. पोस्ट आजवर मीच करत आलोय, आणि गेल्या वर्षीपर्यंत फॉन्टच्या बाबतीत माझा खाक्या साधा होता. कचेरीच्या परिपत्रकात शोभेल तो फॉन्ट. तूच हसून म्हणाली होतीस, बाबा, ही करंज्यांची जाहिरात आहे की थकबाकीची नोटीस? ते मला लागलं होतं बरं का. पण मी फॉन्ट बदलला तो तुझ्या बोलण्यामुळे नाही. मे महिन्यात एक प्रकार घडला, तो तुला सांगितलेला नाही.

बी विंगमधले मार्तंड दाते गेले. आपले सेक्रेटरी विद्याधर तुला माहीतच आहेत. त्यांच्याकडे फुलांची एकच चौकट आहे. वाढदिवस असो, बारसं असो, कोणी जावो, तीच चौकट, आत फोटो, खाली नाजूक सोनेरी अक्षरं. सोसायटीच्या ग्रुपवर ती आली आणि मी आंघोळीला गेलेलो असताना आईने उत्साहाने आवाजी मेसेज पाठवला. 'मार्तंडभावजी, वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा, शंभरी गाठा, चकल्या घेऊन येतेच!' सगळ्या सोसायटीने तो ऐकला. मी बाहेर येईपर्यंत ग्रुपवर सन्नाटा होता. मी सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, चष्मा नव्हता लावला हो. चष्मा तिच्या नाकावर होता.

संध्याकाळी आम्ही दात्यांकडे गेलो. वहिनींनीच आईला जवळ घेतलं. म्हणाल्या, यांनी ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते. आई तिथे रडली ती दात्यांसाठीच, असं मी तेव्हा धरून चाललो. पण नंतर एकेक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. वर्तमानपत्र ती उघडायची, पण पान उलटत नव्हती. भाजीवाल्याशी घासाघीस चालायची, पण भेंडी बोटांनी चाचपून घ्यायची. जिन्यात कोणी भेटलं की समोरचा बोलेपर्यंत नुसती हसायची.

घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणाले. कडेकडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसट होत जाईल. हे थोडं लांबवता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "गंधालीला कळता कामा नये. आत्ता कुठे तिकडे मार्गी लागलीय, सगळं टाकून धावत येईल." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तेव्हापासून तळणी माझ्याकडे आली. ती शेजारी उभी राहते आणि तेलाच्या आवाजावरून हुकूम सोडते. आवाज बसला की म्हणते, काढा आता. माझी एकही चकली अजून कच्ची राहिलेली नाही, आणि त्याचं श्रेय मी चारचौघांत खुशाल लाटतो.

फोन वाचून दाखवतो ते तिला पसंत नाही. ती बाई आपल्या पदार्थांची नावं परक्यासारखी घेते म्हणते. स्वतःच्या नावाची पोस्ट तरी स्वतः वाचता यावी, एवढंच तिला हवं होतं. म्हणून मी फॉन्टच्या मागे लागलो. फुकट मिळतील तेवढे सगळे उतरवून घेतले. कोणी नाचरा, कोणी लग्नपत्रिकेतला, कोणी नुसताच शिष्ट. प्रत्येकात 'मृणालिनीचा फराळ' लिहायचं आणि फोन तिच्यासमोर धरायचा. ती धडाधड वाचायची. मी खूश. मग डोक्यात प्रकाश पडला, की मी दुसरं काय लिहिणार हे तिला ठाऊकच आहे, ती वाचत नाहीये, ओळखतेय. तेव्हा मी शब्द बदलले. तुझ्या डिझाइनमध्ये आहे तसल्या बारीक अक्षरांत लिहिलं, 'मृणालिनीचा पसारा'. ती म्हणाली, मृणालिनीचा फराळ, छान आहे हो. दुसऱ्या फॉन्टमध्ये 'मृणालिनीचा दवाखाना' लिहिलं. तिने पुन्हा फराळच वाचला, आणि वर म्हणाली की हा जास्त शोभतो. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि तिथे जरा वेळ उभा राहिलो.

शेवटी राहिला तो हा फुगेवाला. मी त्याला मुद्दामच मागे ठेवला होता, कारण मलाही तो पोरकट वाटायचा. काळ्यावर पिवळ्या रंगात लिहिलं, 'मृणालिनीचा नवरा'. तिने फोन हातात घेतला, मान थोडी वळवून कडेने बघितलं, पुन्हा बघितलं. बराच वेळ लावला. आणि मग जी हसत सुटली. "अहो, नवरा विकायला काढलात की काय?" गंधाली, माझ्या बढतीच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. फॉन्ट त्याच क्षणी ठरला. आता पोस्ट पाठवण्याआधी ती स्वतः वाचते, मान तिरकी करून, एकेक शब्द. परवा तर कडबोळी लिहायची राहिली म्हणून मला चांगलंच झापलं. लोकांना ती अक्षरं गमतीची वाटतात. दात्यांच्या वहिनी म्हणाल्या, बघूनच खावंसं वाटतं. म्हणजे धंद्याचंही काही नुकसान नाही.

आता खरं कारण लिहितो, कारण फॉन्टचं एवढं पुराण मी तुला दोन ओळींतही सांगू शकलो असतो. गेल्या महिन्यात तू केस कापून व्हिडिओ कॉल केलास. तू वाट बघत होतीस, आणि आई नेहमीसारखं 'बारीक झालीस गं' म्हणून मोकळी झाली. तुझा चेहरा पडलेला मी पाहिला. तू फोन ठेवल्यावर मी तिला केसांचं सांगितलं. तिने विचारलं, कुठपर्यंत कापलेत? मी तिच्याच खांद्यावर हात ठेवून दाखवलं, इथपर्यंत. तिने तिथे स्वतःचा हात नेला आणि म्हणाली, शोभत असतील तिला. 'बारीक झालीस' हे ती कॉल लागायच्या आतच तयार ठेवते गं, फराळासारखंच. अक्षरं मला जाड करता आली, तुझा चेहरा नाही करता येत. जवळ, खिडकीपाशी, उजेडात बसलीस तर तू तिला अजून दिसशील, डॉक्टरांना मी हे नीट विचारून घेतलंय. पुढच्या दिवाळीचं ते खात्रीने सांगत नाहीत. तेव्हा पुढच्या वर्षी येते म्हणाली होतीस ते राहू दे, याच दिवाळीला ये. नोकरी सोडून येऊ नकोस, नाहीतर ती मला घराबाहेर काढेल. रजा काढ आणि ये. ठरलं की मला फोन करू नकोस. त्याच पोट सुटलेल्या अक्षरांत, काळ्यावर पिवळं, 'गंधाली येतेय' एवढंच लिहून डिझाइन म्हणून पाठव. मी काही न बोलता फोन तिच्या हातात देईन. तिला वाटेल, फराळाचीच पोस्ट आहे. वाचायला थोडा वेळ लागेल, पण तेवढं ती स्वतः वाचेल.

तुझाच, तळणीवर नेमलेला,
बाबा