पहिल्या जागेवरचा अंगठा

आबा, परवा सकाळी ओसरीवर दाढी करत बसलो होतो तेव्हा तीन तरुण घरी आले. हातात लांबलचक कागद. लढाई संपली, राज्यही बदलणार म्हणतात, तेव्हा जळगावहून आपल्या एरंडोलपर्यंत आगगाडीचा फाटा आणावा म्हणून पुन्हा अर्ज करायचा, असं त्यांचं म्हणणं. खाली पन्नासेक सह्या आणि अंगठे झाले होते, आणि सगळ्यांत वरची जागा रिकामी ठेवलेली. ती माझ्यासाठी होती. गावात आता मलाही नाना म्हणतात, जाणत्यांत धरतात. त्यांच्यातला एक, शाळेत नवीन लागलेला मास्तर, जरा चाचरत म्हणाला, "नाना, त्या वेळी तुमच्या वडिलांनी लाईन येऊ दिली नाही, असं सगळे सांगतात. तुमचा काय विचार?" माझ्या गालावरचा साबण वाळत चालला होता. मी म्हणालो, "त्यांचा काळ वेगळा होता." आणि पहिल्या जागेवर सही करून टाकली. मुलं खूश होऊन गेली. मी तसाच अर्ध्या दाढीनं बसून राहिलो. सूनबाईनं पाणी निवल्याचं दोनदा सांगितलं, ते कानावर आलं पण डोक्यात शिरलं नाही.

तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. समोर बोलायची सोय तर मी तुम्ही असतानाच घालवून बसलो होतो, म्हणून लिहितो. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि त्याची तुम्हाला कधी लाजही वाटली नाही. पोस्टमननं कार्ड दिलं की तुम्ही ते पागोट्यात खोचून आणायचात, बैलांना पाणी पाजायचात, चारा टाकायचात, हातपाय धुवायचात आणि मग भिंतीला टेकून म्हणायचात, "हं, वाच." अक्काचं कार्ड तिच्या सासरहून, पाचोऱ्याकडून यायचं. ती आईविना पोर, कार्डात काय काय दुखणं लिहायची. त्यातलं काही मी गाळायचो, तुम्हाला घास गोड लागावा म्हणून. वाचून झालं की तुमचा एकच प्रश्न असायचा, "बठ्ठं वाचं का रे?" मी म्हणायचो, हो, सगळं वाचलं. तुम्ही कार्ड हातात घेऊन शाई कुठपर्यंत आली आहे ते बघायचात आणि मान हलवायचात. मी गाळतो हे तुम्हाला कळत होतं असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र मी स्वतःला मोठा हुशार समजत होतो.

मी दहा-अकरा वर्षं शाळेच्या नादात काढली आणि वकीलसाहेबांकडे कारकून लागलो, तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटलेत. मी त्याच महिन्यात कोट शिवला आणि 'शे' म्हणायचं सोडलं. घरातही 'आहे, आहे' करत फिरायचो. तुम्ही हसायचात, आमचे साहेब आले म्हणून चिडवायचात, "आमना सायेब उना." मला त्याचा राग यायचा. तुमच्या अंगाला येणारा वंगणाचा आणि बैलांचा वास वकिलांच्या कचेरीत माझ्या कोटाला येऊ नये म्हणून मी कोट शेजारच्या घरी टांगून ठेवत असे. हे तुम्हाला माहीत नव्हतं. की होतं?

पहिली लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. जळगावात तेव्हा कापसाच्या जिनिंगांमुळे माणसांची रीघ लागली होती. कामाला आलेल्यांना खोली मिळेना, एकेका खोलीत दहा-दहा जण, आणि ताप आला की सगळी आळी आडवी. तिथल्या व्यापाऱ्यांनी टूम काढली की एरंडोलपर्यंत छोटी लाईन टाकावी, म्हणजे माणसं आपापल्या घरी राहून सकाळी कामाला येतील, संध्याकाळी परत जातील, आणि कापूसही बैलगाडीवर न भिजता येईल. झालं, गावात दोन तट पडले. हारफुलं विकणारे म्हणाले, चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीला येणारी गर्दी दुप्पट होईल. ज्यांच्या शेतातून रूळ जाणार ते म्हणाले, विहीर एकीकडे नि पीक दुसरीकडे, पाणी काय उडत जाणार? कुणी म्हणालं लाईनीबरोबर रोगराई येईल, कुणी म्हणालं डॉक्टर येईल. सगळ्यांत जास्त हादरले ते आपले गाडीवान. एरंडोल ते जळगाव कापूस वाहणाऱ्या साठ-सत्तर गाड्या, त्यावर तेवढी घरं. प्रांतसाहेब गावात सभा घेऊन दोन्ही बाजू ऐकणार होते. त्यासाठी वकीलसाहेबांनी गाडीवानांच्या बाजूनं विरोधाचा अर्ज करायचं ठरवलं आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आठ दिवस खपून असा अर्ज लिहिला की वकीलसाहेबांनी त्यातलं एक अक्षरही बदललं नाही. म्हणाले, पोरा, तू पुढे जाशील.

अंगठे घ्यायला मी गाडीतळावर गेलो. सगळ्यांचं म्हणणं एकच: "आबाना आंगठा पयले, मंग आमना बठ्ठासना." तळावरची रीतच होती ती. कागद कुणाचाही असो, वरची जागा वडीलधाऱ्याची, आणि वडीलधारे तुम्ही. मी म्हणालो, आबा घरचेच, त्यांचा शेवटी घेतो, जागा ठेवली आहे. एकानं विचारलं, "आबा देतीन ना?" मी म्हणालो, न द्यायला काय झालं? "मंग ले," म्हणून त्यानं अंगठा पुढे केला आणि मग सगळ्यांनीच केला. मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. गाडीवाला माणूस गाडीच्या बाजूनंच असणार, यात विचारायचं काय?

घरी येऊन तुम्हाला अर्ज वाचून दाखवला. तुम्ही बैलांच्या गळ्यातला पट्टा शिवत होतात. वाचून झाल्यावर म्हणालात, "बठ्ठं वाचं का?" मी म्हणालो, हो. या वेळी खरंच सगळं वाचलं होतं. तुम्ही दाभण खाली ठेवलंत आणि म्हणालात, "चांगलं लिखं. पन माले आंगठा देना नही."

तुम्ही सांगायला लागलात, आणि ज्या दिवसाबद्दल आपण आठ वर्षं बोललो नव्हतो तो दिवस बाहेर आला. आईच्या पोटात दुखतंय. इथला वैद्य हात टेकतो, म्हणतो जळगावला न्या, मोठा दवाखाना आहे. पहाटे गाडी जुंपता. खाली कडबा, वर गोधडी, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलोय. तुमची जोडी तळावर सगळ्यांत पळणारी, पण त्या दिवशी तुम्ही गाडीवर बसत नाही. जू हातानं धरून चालता, कारण गाडी आदळली की ती ओरडते. गिरणेच्या वाळूत चाकं रुततात, तुम्ही खांदा लावता. ऊन चढतं, उतरतं. जिनिंगची धुराडी दिसायला लागतात. मी म्हणतो, आई, आलंच बघ जळगाव. ती बोलत नाही. तुम्ही वळून बघत नाही, चालतच राहता, दवाखान्याच्या दारापर्यंत. मला वाटलं होतं तुम्हाला तिथे जाऊनच कळलं. त्या दिवशी पट्टा शिवताना तुम्ही म्हणालात, "धुराडं दिसनं तव्हयच माले समजनं." मग म्हणालात, "गाडीना धंदा जाई ते जाऊ दे. तुनी माय मनी गाडीमा गयी. मी सभामा सायेबले सांगसू, लाईन आना."

आबा, हे ऐकून मी काय केलं असेल? एखाद्यानं पाय धरले असते. मला काळजी पडली ती कागदाची. खालचे सत्तर अंगठे मी तुमच्या नावावर घेतले होते. वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी कागद मागणार होते. मी तुम्हाला म्हणालो, तुम्हाला यातलं कळत नाही, तुमच्यामुळे माणसं उपाशी मरतील. तुम्ही म्हणालात, "तू लिखं ते तुनं. मी बोलसू ते मनं. दोन्ही राहू दे ना." इतकं साधं उत्तर होतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत कुणी नसताना मी शाईच्या गादीवर माझा डावा अंगठा दाबला आणि वरच्या जागेवर उठवला. शेजारी तुमचं नाव लिहिलं. तो अंगठा किती गुळगुळीत उठला होता! खालचे सगळे दोरांनी चिरलेले, भेगाळलेले, आणि वर हा कारकुनाचा, एकही चीर नसलेला. मला तेव्हाच ते दिसलं होतं, तरी मी शाई टिपायला त्यावर वाळू टाकून कागदाची घडी केली. हे तुम्हाला सभेच्या आधी सांगू असं ठरवलं, आणि आठवडाभर सांगितलं नाही.

त्या आठवड्यात तुम्ही बैल धुताना बोलण्याचा सराव करत होतात. मी घरात बसून ऐकायचो. "सायेब, मी तीस वरीस गाडी हाकेल शे. ह्या रस्तानी माले भाकर दिधी आनि मनी बायको लिधी. आते लाईन आना." एवढंच. कधी 'भाकर' आधी यायची, कधी 'बायको', आणि तुम्ही बैलाच्या पाठीवर थाप मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात. जन्मात कधी चार माणसांसमोर उभं राहून बोलला नव्हतात तुम्ही.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मांडव, टेबल, प्रांतसाहेब, त्यांचा कारकून. मी वकीलसाहेबांशेजारी कोट घालून. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून गाडीवानांत. दोन्ही बाजूंची भाषणं झाली. मग जळगावचा एक व्यापारी उठला आणि म्हणाला, साहेब, हे अंगठे खोटे आहेत, वकिलांनी घरी बसून उठवलेत. वकीलसाहेब लालबुंद झाले. साहेब म्हणाले, नावं पुकारा, ज्याचा त्यानं येऊन सांगावं. पहिलं नाव तुमचंच होतं.

तुम्ही उठलात. तुम्हाला वाटलं असणार बोलायची वेळ आली, कारण पागोटं नीट केलंत आणि ओठ हलत होते. कारकुनानं कागद पुढे धरून विचारलं, "हा अंगठा तुमचा?" तुम्ही कागदाकडे पाहिलंत. अक्षर वाचता येत नसलं तरी अंगठा वाचता येतो. किती वेळ पाहत होतात? मग मान वर करून माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. अक्काच्या कार्डावरची शाई बघायचात तसं. मी नजर खाली घातली. तुम्ही तुमच्या डाव्या हाताची मूठ मिटलीत, अंगठा आत घेऊन, आणि म्हणालात, "हो सायेब. हाऊ आंगठा मनाच शे."

साहेबांनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे? मी मनात म्हणत होतो, बोला आबा, अजूनही बोला. आणि त्याच वेळी, त्याच मनात, बोलू नका असंही म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, "नही सायेब. बठ्ठं कागदमा लिखेल शे."

मग बाकीचे एकेक उठले आणि हो म्हणून बसले. व्यापाऱ्याचं तोंड पडलं. वकीलसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गाडीवानांनी तुम्हाला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, "बैलेसले पानी पाजनं शे," आणि निघालात. मूठ तशीच मिटलेली. मी मागून चाललो होतो, चार पावलं अंतर ठेवून, कोट हातात घेऊन. त्याबद्दल तुम्ही नंतर कधीच बोलला नाहीत.

लाईन आली नाही. अर्जामुळे राहिली की सरकारला ती परवडली नाही, देव जाणे. पण गावानं ठरवलं, आबांनी थांबवली. दहा वर्षांत मोटारी आणि लॉऱ्या आल्या, कापूस त्यांच्यावर जायला लागला, आणि गाडीतळावर बाभळी उगवल्या. ज्या धंद्यासाठी मी ते केलं तो धंदा कुणी न विचारताच गेला. तुमची जोडी नशिराबादच्या शेतकऱ्यानं नेली तेव्हा तुम्ही त्याला त्यांच्या खोडी सांगत वेशीपर्यंत गेलात. तुमच्या तेराव्याला बोलणारे बोलले की गाडीवानांसाठी लढलेला माणूस गेला. मी हात जोडून मान हलवत होतो. परवाही तेच केलं. तुमच्या नावाला लागलेलं ते खोटं पुसायची संधी माझ्या ओसरीवर चालून आली होती, आणि मी म्हणालो, त्यांचा काळ वेगळा होता.

आणखी एक. सभेनंतरही अक्काची कार्डं येत राहिली आणि तुम्ही ती मलाच वाचायला देत राहिलात. हातपाय धुऊन, भिंतीला टेकून, "हं, वाच." तेवढं तुम्ही मोडलं नाहीत. पण वाचून झालं की कार्ड घेऊन पागोट्यात ठेवायचात आणि उठायचात. 'बठ्ठं वाचं का' हा प्रश्न तुम्ही मला पुन्हा कधी विचारला नाहीत. मी मुद्दाम सगळं वाचायचो, अक्काची रडगाणीसुद्धा, शेवटची ओळ मोठ्यानं वाचून थांबायचो, वाट बघायचो. नाही विचारलंत. एक थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं.

हा कागद मी त्या मास्तराला नेऊन देईन, त्यानं तो चावडीवर वाचावा, असं लिहायला बसताना मनाशी म्हटलं होतं. आता वाटतं तो पेटीत जाईल. आणि समजा तुमच्यापर्यंत पोचलाच, तर तुम्ही तो पागोट्यात खोचून आणाल, पाय धुवाल, भिंतीला टेकाल आणि वाचायला माझ्याच हातात द्याल. खरं सांगू का आबा? शाईच्या गादीपाशी आलो की मी आजही ते गाळून पुढे जाईन. आणि तुम्ही काही विचारणार नाही.