बॅट अजून मुरली नाही

अप्पा,

मी आता हैदराबादेत एका कंपनीत क्रिकेटचा व्हिडिओ गेम बनवते. तुम्ही गेलात तेव्हा मी बँकांची सॉफ्टवेअरं लिहीत होते आणि तुम्ही ते हुमनाबादच्या बसस्टँडवर ओळखीच्या-अनोळखी माणसांना ऐटीत सांगत होतात, म्हणून हे आधीच सांगून टाकते. पडद्यावर बोलर धावत येतो, खेळणारा हातातली बटणं दाबतो आणि पडद्यातला फलंदाज बॅट फिरवतो. रंगीत कपड्यांतल्या मॅचलासुद्धा तुम्ही तमाशा म्हणायचात, त्यामुळे याला काय म्हटलं असतंत ते विचारायची गरज नाही. त्यातली फलंदाजी खरी वाटावी, हे माझं काम. म्हणजे बॅट चेंडूला कुठे आणि कशी लागते हे ठरवण्याचा तुमच्या मुलीला पगार मिळतो. तुम्हाला हसू आलं तर हसा. मला येत नाही.

तुम्ही धाकट्या भावासाठी हैदराबादहून बॅट आणलीत तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हायस्कूलच्या ड्रिल मास्तरनं एवढी महागाची बॅट आणली म्हणून गल्लीतले लोक बघायला आले होते. आईनं चहा करून करून साखर संपवली. तुम्ही बॅट कुणाच्याही हातात दिली नाहीत, तुमच्या मांडीवरच ठेवून दाखवलीत, तान्ह्या पोराला दाखवावं तशी. मग सगळे गेल्यावर मला हाक मारलीत. मला वाटलं, आता मला धरायला देणार. दिलीतही. पण काय म्हणून दिलीत? नवी बॅट लगेच खेळायला घेता येत नाही, तिला तेल पाजून, जुन्या चेंडूनं ठोकून ठोकून मुरवावी लागते, आणि धाकट्याला अभ्यास होता. मला नव्हता का अभ्यास? तरी मी विचारलं नाही. घाण्यावरून जवसाचं तेल आणायला मलाच पाठवलंत. अर्धं आईनं चटणीवर घ्यायला काढून घेतलं, उरलेलं बॅटला. जुन्या लेदर बॉलला तुमच्या फाटक्या मोज्यात घालून तुम्ही गाठ मारून दिलीत आणि म्हणालात, "कडंला हळू मार, मधी जोरात. आन् रोज."

रोज मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे. बॅट मांडीवर, मोज्यातला चेंडू हातात. आत आई भाकरी थापायची आणि बाहेर मी ठोकायचे, दोघींचा आवाज एकात एक मिसळून जायचा. पहिल्या आठवड्यातच मला कळलं की बॅट एकसारखी नसते. खाली, जमिनीला टेकते तिथे ठोकलं की आवाज मेलेला येतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. वर दांड्याजवळ ठोकलं की लाकूड तक्रार केल्यासारखं वाजतं. कडेला नुसतं टिक. आणि एक जागा अशी आहे, तुम्ही बोट ठेवून दाखवली होतीत तिच्यापेक्षा थोडी वर, जिथे चेंडू पडला की हाताला काही कळतच नाही, फक्त एक गोल आवाज येतो. ती जागा मी तुम्हाला सांगितली. तुम्ही म्हणालात, "बोलू नको, ठोक."

मग ती संध्याकाळ. शाळेचं मैदान, तुम्ही मॅटच्या कडेला वाकून खिळे ठोकताय. धाकटा पाणी प्यायला गेलाय आणि जाताना बॅट माझ्याकडे देऊन गेलाय, कारण तेल लावलेली बॅट मातीत ठेवायची नाही हे तुमचंच फर्मान. मी स्टंपांपाशी उभी आहे. तुमच्या टीममधला उंच पोरगा, जो फास्ट टाकायचा, चेष्टेत म्हणतो, "टाकू का गं एक?" आणि मी व्हय की न्हाई म्हणायच्या आत टाकतो. मी पाय कसा पुढे काढला हे मला आजही सांगता येणार नाही, आणि तेच सांगता यावं म्हणून मला हल्ली पगार मिळतो. चेंडू कव्हरमधून गेला आणि कंपाउंडच्या भिंतीवर आपटून परत अर्ध्या वाटेपर्यंत आला. हाताला काही लागलं नाही. फक्त तो गोल आवाज. तुम्ही मान वर केलीत. चेंडूकडे बघितलं नाहीत, माझ्याकडेही नाही, बॅटकडे बघितलंत. म्हणालात, "ठिव ती. आजून मुरली न्हाई. फुटली मंजे?" मी बॅट धाकट्याला दिली. पुढे पाच-सहा वर्षं ती तेल लावायला तेवढी माझ्या हातात येत राहिली.

एक सांगते, मी तुमच्यावर तेव्हा रागावले नाही. तुम्ही वाकला होतात. तुमच्या हातात हातोडा होता, डोळे खिळ्यावर होते, आवाज ऐकून तुम्ही मान वर केलीत आणि तोवर सगळं होऊन गेलं होतं. बघितलं असतंत तर गप्प राहिला नसतात. गल्लीतल्या कुणाही पोरानं सरळ बॅटनं चेंडू अडवला तरी त्याच्या बापाच्या दारात जाऊन सांगून येणारा माणूस तुम्ही. तेव्हा तुम्ही बघितलंच नव्हतं, एवढ्यावर मी निम्मं आयुष्य काढलं. तालुक्यात मुलींची टीम नव्हती, कलबुर्ग्यातही कुठे होती, हे मलाही कळत होतं. मला टीम नको होती. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर तुम्ही सहा चेंडू टाकले असतेत तरी चाललं असतं. पण न बघितलेल्या माणसाकडून काय मागायचं, अशी मी माझी समजूत घातली होती.

इंजिनिअरिंगला कलबुर्ग्याला निघाले तेव्हा तुम्ही बसच्या खिडकीतून मला आईचा डबा दिलात आणि वर तो मोज्यातला चेंडू. "ठिव. तुझाच हाय," म्हणालात. मला इतका संताप आला की कमलापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिले. धाकट्याला बॅट आणि मला झिजलेला चेंडू, तोही मोज्यासकट. का कुणास ठाऊक, फेकला मात्र नाही.

आता आमच्या गेमचं ऐका. मी आले तेव्हा त्यात बटण वेळेवर दाबलं की चौकार आणि चुकलं की बाद, एवढाच कारभार होता. बॅट म्हणजे नुसती फळी, कुठेही लागली तरी तीच. कड लागायची तीही लॉटरी लागावी तशी. पोरं पहिल्या चेंडूपासून सिक्स मारत सुटायची आणि चार दिवसांत कंटाळून गेम काढून टाकायची. मी म्हटलं, बॅटला अंग द्या. तिला कड असू दे, खालचं टोक असू दे, आणि मधली जागा छोटी असू दे, नवख्याला वाटते तिथे नसलेली. प्रत्येक जागेचा आवाज वेगळा आणि हाताला बसणारा हिसका वेगळा. पाय आधी जाऊ दे आणि चुकीचा गेला तर परत घेता येऊ नये. चेंडू सोडून देणं हाही एक फटका समजा. आमचे साहेब वाईट नाहीत, पण भर मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः कधी खेळलाय का?" मी म्हटलं, "एक चेंडू." सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आवाजांवर घोडं अडलं. आमच्याकडे होते ते कुठून तरी विकत घेतलेले, सगळे एकाच सुरात. मला एकाच बॅटच्या अंगावरच्या सगळ्या जागा हव्या होत्या. म्हणून गेल्या तुरीच्या राशीच्या दिवसांत मी माइक घेऊन घरी आले. ती बॅट माळ्यावर आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. आईनं मागे एकदा तिचं कपडे धुवायचं धोपाटणं करू म्हटलं होतं तर तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हतात. धाकट्यानं ती खाली काढून दिली. तो आता तालुका ऑफिसात आहे, पोट सुटलंय, डोक्यावरचे केस तुमच्यासारखेच मागे गेलेत. मी त्याला म्हटलं, "अंगणात चार चेंडू मार, मी माइक धरते."

"न्हाई अक्का. ती बॅट हातात घ्यायला अजून नको वाटतंय."

"खोटं नको बोलू. तुला आवडायचं की."

"कुनाला, मला?" तो हसला. "अप्पा बघायलेत म्हनून खेळायलो व्हतो. त्यांनी कदी इचारलं का, तुला खेळायचंय का म्हनून?"

मग तो ऑफिसला निघून गेला. मला त्याची दया यायला हवी होती. आधी आला तो हेवा: तुम्ही त्याला बघत होतात.

शेवटी मी उंबऱ्यावरच बसले. बॅट मांडीवर, तोच मोजा, तोच चेंडू, फरशीवर माइक. आत आई सुपात तूर घेऊन खडे वेचत होती. तिला मी सांगितलं होतं की थोडा वेळ बोलू नकोस. टोकाचे आवाज घेतले, कडेचे घेतले, दांड्याजवळचे घेतले. मधल्या जागेवर आले तेव्हा आईला राहवलं नाही.

"ह्योच," ती म्हणाली. "त्या दिशी तू मैदानात मारलीस तवा ह्योच आवाज आला म्हनायचे."

"कोन म्हनायचं?"

"तुझे अप्पा. दुसरं कोन?"

माझा हात ठोकत राहिला होता. मी विचारलं, "त्यांनी बघितलं व्हतं?"

"बघितलं व्हतं की. पार पाय काढल्यापासून. जेवताना मला म्हनले, पोरीचा हात पोरापरीस बरा हाय. मी म्हनले, मग तिलाबी खेळू द्या जरा. तर म्हनले, कामून उगं आशा लावायची? आन् पोराला सांगू नको, त्याचं मन मोडंल." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मला वाटलं तुला ठावं हाय."

अप्पा, मला ठाऊक नव्हतं. तुम्ही बघितलं नव्हतं तोवर तुम्ही माझ्यासाठी एक कामात बुडालेला माणूस होतात आणि मी एक दुर्दैवी मुलगी. आता मी काय समजू? तुम्ही बघितलंत, ओळखलंत, घरी येऊन भाकरी मोडता मोडता आईला सांगितलंत, आणि सकाळी मला पुन्हा तेलाची वाटी दिलीत. धाकट्याचं मन मोडेल याची तुम्हाला काळजी होती. माझ्याही अंगात मन आहे हे त्या जेवणात कुणाच्या डोक्यात आलं नाही. आशा लावायची नव्हती म्हणता, पण आशा मला तुम्ही थोडीच लावणार होतात? ती त्या चेंडूनं लावली होती. तुम्ही फक्त "बघितलं" म्हणायचं होतं. त्याला मैदान लागत नव्हतं, टीम लागत नव्हती, कुणाची परवानगी लागत नव्हती. उंबऱ्यावरून जाता जाता म्हटलं असतंत तरी मी त्यावर जगले असते.

आणि तो चेंडू. "तुझाच हाय." ते तुमचं बक्षीस होतं, हे मला आईनं तोंड उघडल्यावर कळलं. बसच्या खिडकीत, ड्रायव्हरनं गाडी सुरू केल्यावर, मला विचारायला वेळ राहू नये अशा बेतानं दिलेलं. बरोबर देता येत नसेल तर माणसानं देऊ नये. आधी वाटायचं तुम्ही मला हिणवलंत, आणि तो राग परवडत होता. आता तुम्ही मला मानत होतात हे कळलंय आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. तुम्ही इथे असतात तर भांडले असते. तुम्ही भिंतीवर फोटोत आहात, आई रोज फूल घालते, आणि फोटोतही तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघताय.

गेम आता बाहेर पडायच्या बेतात आहे. लोक तक्रार करतात की बाद फार व्हायला होतं, आणि साहेब म्हणतात की तरी सोडवत नाही. मधल्या जागेवर चेंडू बसला की तो गोल आवाज येतो आणि एरवी प्रत्येक फटक्याला थरथरणारं हातातलं बटणांचं यंत्र मुळीच थरथरत नाही. पोरांना आधी वाटायचं यंत्र बिघडलं. आता ती त्या न थरथरण्यासाठीच खेळतात. तो आवाज आपल्या उंबऱ्यावरचा आहे. मी शेकडो ठोके घेतले, पण सगळ्यात स्वच्छ बसला तो नेमका आई बोलत असतानाचा. मी तिला कापून काढलं, जमेल तेवढं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे गेम तपासणाऱ्या एका पोरानं दोष नोंदवला. आवाज मोठा करून ऐकला तर कव्हर ड्राइव्ह मधोमध बसल्यावर मागे पुसटशी एक बाई काहीतरी बोलायला सुरुवात करते, असं त्यानं लिहिलं. पोरगा कानाचा तिखट आहे. ती "बघितलं" म्हणते, आणि त्यातलं "बघि" एवढंच मागे उरलंय. ते काढायला मला पाच मिनिटं लागली नसती. मी त्याच्या तक्रारीखाली लिहिलं की तपासलं, असा कुठलाही आवाज आढळला नाही, आणि तक्रार बंद केली.