मौखिक पोकळी

विश्रांतवाडी,
९ ऑगस्ट १९९९

चि. भीमराव यास,

सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक. शनिवार पेठेतला तुझा दाताचा दवाखाना जोरात चालला असेल.

खरं तर ठीक काही नाही, पण पत्र असंच सुरू करायचं असतं.

तुझं 'बालकांचे दंतआरोग्य' हे पत्रक मी बालवाडीत सगळ्या आयांना वाटलं. कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीने फुकट छापून दिलंय, कागद काय गुळगुळीत! "तंबाखूजन्य पदार्थांचा बालकांच्या मौखिक पोकळीशी संपर्क टाळावा." वा, डॉक्टर! एकीने विचारलं, "बाई, ही पोकळी कुठं असती?" मी म्हटलं, लिहिणाऱ्याच्या डोक्यात.

परवा सकाळी एका चार वर्षांच्या मुलाची दाढ ठणकायला लागली. घरात आजी एकटीच. तिने दाढेवर चिमूटभर मिश्री दाबून धरली. स्वतःची दाढ दुखली की ती तेच करते. मिश्री तंबाखू भाजूनच होते, पण आपल्याकडे बायका तिला तंबाखू म्हणतात का? ती दात घासायची! हे तुला नव्याने सांगायला हवं?

पोराला उलट्या सुटल्या, अंग गार पडलं. रिक्षात घालून इस्पितळात नेलं. तिथला डॉक्टर ओरडला, "पत्रकं वाटली तरी वाचत नाही तुम्ही लोक!"

ती आजी म्हणजे आपली आई. मुलगा माझा साई. आता बरा आहे, म्हणून लिहायला हात तरी चालतोय.

आणि आईला वाचता येत नसलं, तरी तुझं पत्रक ती येईल त्याच्याकडून वाचून घ्यायची. "माझ्या भीमाचं नाव हाय त्यात." कळत काही नव्हतं, तरी मान डोलवायची.

'लहान मुलाच्या तोंडात मिश्री घालू नका, जिवावर बेतेल,' एवढं लिहायला तुझं काय जात होतं? मिश्री हा शब्द वाचून तुझ्या बरोबरीच्या डॉक्टरांना कळलं असतं, हा कुठल्या घरातून आलाय ते? मला संताप त्याचा आलाय, भीमा.

रविवारी ये. नवं पत्रक लिहून आण आणि आईसमोर बसून वाच. तिला कळलं तरच छाप.

तिने मिश्रीची डबी फेकून दिली. परवापासून साईला जवळ घेत नाही. काल मला हळूच म्हणाली, "भीमाला कळवू नगंस गं. लाज वाटंल त्याला माझी."

तरी कळवतेय. तिला उत्तर तू द्यायचंस.

तुझी ताई,
सत्यशीला