पारदर्शक रोबोचा हंगामी कॅप्टन

३ फेब्रुवारी
निर्णय झाला. आंतरकॉलेज स्पर्धेतला आमचा रोबो यंदा ॲल्युमिनियमचा नसेल, पारदर्शक प्लॅस्टिकचा असेल. निर्णय मी एकट्याने घेतला. वर्कशॉपचे सर म्हणाले की तू हंगामी कॅप्टन आहेस, स्पर्धेत रिमोट कुणाच्या हातात द्यायचा ते नंतर बघू. बघायचंय काय? टीममध्ये मी सोडून आहे कोण? दोघं नुसते मान डोलावतात. राहता राहिली चिमटी. वायरिंग करते, खिशात कायम चिमटा, म्हणून हे नाव. तिने विचारलं, प्लॅस्टिक कशाला? म्हटलं, परीक्षकांना आतलं सगळं दिसलं पाहिजे. ती म्हणाली, तीच तर भीती आहे. पोरीला दृष्टीच नाही.

५ फेब्रुवारी
शीट आली. दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेला. सरांनी बजावलं, काम संपेपर्यंत कागद काढायचा नाही, ओरखडे पडतात. नाही काढणार.

तीच तारीख, संध्याकाळ
कोपऱ्यात थोडा काढून बघितला. मग हात थांबेना. शीट इतकी स्वच्छ निघाली की ती कुठून सुरू होते ते कपाळाला कळलं.

९ फेब्रुवारी
ओरखडे. चिमटी मोजायला लागली, मी थांबवलं. घरी आणून टूथपेस्टने घासले. ओरखडे आहेत, टूथपेस्ट नाही. बाबा बराच वेळ रिकामी ट्यूब पिळत माझ्याकडे बघत होते. संशोधनाला घरातूनच विरोध होतो.

१५ फेब्रुवारी
रोबो उभा राहिला! स्पर्धेत जो डबा उचलून ठेवायचाय तो उचलला की कमरेत वाकतो, एवढंच. चिमटी म्हणाली, प्लॅस्टिक लवतंय, मधे एक ॲल्युमिनियमची पट्टी टाकू या. साफ नाही म्हटलं. माझा रोबो नम्र आहे. सर खोकले. सरांना हल्ली खोकला फार.

१८ फेब्रुवारी
ट्रायल. चालता चालता नट गळाले. चिमटी म्हणाली, हा चालतोय की अंडी घालतोय? मान डोलावणारेसुद्धा खिदळले. सर हसले नाहीत. म्हणाले, परवा शेवटची ट्रायल, तेव्हाच रिमोट कुणाकडे ते ठरवतो. आईने मावशीला, मावशीने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय की रोबो मी चालवणार. आणि खरं सांगायचं तर मलाच तो रिमोट हवाय. फार हवाय.

१९ फेब्रुवारी
उपाय सापडला! वर्कशॉपच्या कपाटात निळ्या औषधाची बाटली असते. नटाच्या आट्यांवर थेंबभर टाकलं की नट हलायचं नाव घेत नाही. सगळे जेवायला गेल्यावर झाडून सगळ्या नटांना लावलं. थेंब कसला, सढळ हाताने. उद्या सरप्राइज द्यायचं म्हणून कुणाला बोललो नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत काहीतरी छापलंय. कंपनीचा पत्ता असणार.

२० फेब्रुवारी, सकाळ
घात! प्रत्येक नटाभोवती तडे. सरांनी उचलायला हात लावला तर चाक सुटून त्यांच्या हातात आलं. ताबडतोब चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मी. संशयित: शीटवाला, हवामान, चिमटी.

२० फेब्रुवारी, दुपार
समिती बरखास्त. चिमटीने नुसतं रोबोकडे बोट दाखवलं. आत ओघळलेलं निळं औषध आरपार दिसत होतं. माझ्या बोटांवरही होतं. सरांनी बाटली हातात देऊन बारीक अक्षरं वाचायला लावली. प्लॅस्टिकवर वापरू नये, तडे जातात. सर म्हणाले, विचारायचं होतंस रे. बस, इतकंच. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२२ फेब्रुवारी
चिमटीने सगळं कापून, भोकं पाडून रोबो ॲल्युमिनियमवर चढवला. मी लांबून सूचना देत होतो. ग्राइंडरच्या आवाजात ऐकू गेल्या नाहीत, ते एकपरी बरंच झालं. रिमोट अर्थातच तिच्याकडे. माझ्याकडे जादा बॅटरी सांभाळायचं काम. नीट विचार केला तर रोबोत मुख्य काय? बॅटरी! बटणं काय, कुणीही दाबतं. आईला अजून सांगितलेलं नाही.

२५ फेब्रुवारी
स्पर्धा. शेवटच्या फेरीत चिमटीने शेवटचा डबा बरोब्बर जागेवर ठेवला आणि हूटर वाजला. पहिला नंबर! सर चक्क उड्या मारत होते. मान डोलावणारे दोघं ओरडत धावले, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. चिमटीने मलाही हाक मारली, ये ना रे, लांब काय उभा राहिलास? पण मी जादा बॅटरी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होतो. बॅटरी टाकून कसा जाणार? जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

तीच तारीख, घरी
खाली ठेवता आली असती.